वारेचं संप्रेरक आणि गळ्यातली ग्रंथी

1955 साली चिलीमधल्या टिस्ने, बार्झेलाटो आणि स्टीव्हन्सन या तीन डॉक्टरांनी गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या थायरॉईड ग्रंथीचं काम किरणोत्सारी आयोडीन देऊन मोजलं. आज कोणी गरोदर बाईला असं आयोडीन देणार नाही, कारण ते वार ओलांडून पोटातल्या बाळाच्या थायरॉईडपर्यंत जातं. त्या काळात मात्र ही तपासणी नवीन होती आणि तिच्यातला धोका अजून पुरता उमगलेला नव्हता. या अभ्यासात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ज्यांच्या गर्भाशयात बाळ धरलंच नव्हतं, वारेचीच ऊती फुगून द्राक्षाच्या घडासारखे पाणीदार फोड झाले होते, त्यांची थायरॉईड नेहमीपेक्षा जोरात चालत होती.

या अवस्थेला डॉक्टर मोलर प्रेग्नन्सी म्हणतात. पुढच्या काही वर्षांत जगभरातून अशाच नोंदी येऊ लागल्या. छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, वजन उतरतं. म्हणजे थायरॉईड वाढल्याची सगळी लक्षणं. गर्भाशय रिकामं केलं, की काही दिवसांत हे सगळं आपोआप ओसरायचं. थायरॉईडला कोणी हातही लावलेला नसायचा.

ओटीपोटातली ही ऊती गळ्यातल्या ग्रंथीला हुकूम देते तरी कशी? याचं उत्तर मिळायला वीस वर्षं लागली. त्यासाठी प्रसूतिशास्त्र, कर्करोगावरचे उपचार, प्रथिनांचं रसायनशास्त्र आणि किरणोत्सारी मोजमाप ही चार वेगवेगळी दालनं एकमेकांना जोडावी लागली. आणि निरोगी गरोदर बाईच्या थायरॉईडमध्ये आठवड्यागणिक काय घडतं, हा सगळ्यात साधा प्रश्न या इतिहासात सगळ्यात शेवटी नीट तपासला गेला.

गरोदरपणाचा आणि मानेचा काही संबंध आहे, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकातल्या कॅटुलस या रोमन कवीने एका लग्नाच्या कवितेत नवरीच्या गळ्याभोवती दोरा बांधायच्या रीतीचा उल्लेख केला आहे. कालचा दोरा आज पुरला नाही, की दाई काय ते समजून जाई. 1656 मध्ये लंडनच्या थॉमस व्हार्टनने या ग्रंथीला आजचं नाव दिलं. तिच्या कामांविषयी अंदाज बांधताना त्याने गळ्याला, विशेषतः बायकांच्या गळ्याला, गोलाई आणि सौंदर्य देणं हेही एक काम म्हणून लिहून ठेवलं. त्यानंतर दीडशे वर्षं फारसं कोणी पुढे गेलं नाही. 1811 मध्ये फ्रान्समध्ये कूर्त्वाला समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन सापडलं. 1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदेने ते गलगंडावर द्यायला सुरुवात केली. 1895 मध्ये बाउमानला थायरॉईडच्या ऊतीतच आयोडीन आढळलं आणि 1914 च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. ग्रंथी काय बनवते हे आता कळलं होतं. गरोदरपणात तिला कोण हाकतं, हा धागा मात्र वेगळ्याच ठिकाणी, बर्लिनमध्ये, हाती लागायचा होता.

1927-28 मध्ये तिथल्या शारिटे रुग्णालयात सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोघांनी गरोदर बायकांची लघवी वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचली. चार-पाच दिवसांनी त्या माद्यांचे बीजकोष तपासले, तर ते वयात आल्यासारखे वाढलेले दिसले. दिवस गेलेत का, हे सांगणारी पहिली भरवशाची प्रयोगशाळेतली चाचणी ती हीच. लघवीतलं हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून येतं, असा त्यांचा ग्रह झाला, कारण बीजकोषाला हुकूम देणारी दुसरी ग्रंथी तेव्हा माहीतच नव्हती. पुढे 1933 मध्ये नाझी सत्ता आली आणि ज्यू असल्यामुळे झोंडेकला नोकरी सोडावी लागली. तो स्टॉकहोममार्गे जेरुसलेमला गेला. आशहाइमने पॅरिस गाठलं. जगभरातल्या दवाखान्यांत त्यांच्या नावाची चाचणी चालू राहिली, पण ती शोधणाऱ्या दोघांनाही बर्लिनमध्ये जागा उरली नाही.

ते संप्रेरक पीयूषिकेचं नाही हे बाल्टिमोरमध्ये सिद्ध झालं. जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय नावाचा संशोधक काचेच्या फिरत्या नळ्यांत माणसाच्या पेशी वाढवण्याच्या खटपटीत होता. जॉर्जियाना सीगर या तरुण डॉक्टरने त्याच्या मदतीने वारेच्या पेशी नळीत वाढवल्या आणि दाखवून दिलं, की शरीराबाहेर, पीयूषिकेचा मागमूसही नसताना, या पेशी तेच संप्रेरक बनवत आहेत. 1938 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आज आपण त्याला एचसीजी म्हणतो, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या पट्टीवर उमटणारी दुसरी रेघ त्याचीच असते. सीगरने पुढे जोन्स आडनाव लावलं आणि 1981 मध्ये पतीसोबत अमेरिकेतलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ घडवून आणलं. वारेवरचं तिचं हे काम मात्र फारच कमी वेळा आठवलं जातं.

दरम्यान येल विद्यापीठात एव्हलिन मॅन ही जीवरसायनशास्त्रज्ञ रक्तातलं, प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजत होती. थायरॉईडचं संप्रेरक थेट मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. 1948 मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दिवस गेल्यावर थोड्याच आठवड्यांत हा आकडा चढतो आणि बाळंतपणापर्यंत चढलेलाच राहतो. म्हणजे सगळ्याच गरोदर बायकांची थायरॉईड वाढते का? पुढच्या दशकात उलगडा झाला. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं. त्यामुळे थायरॉक्सिन वाहून नेणारं यकृतातलं प्रथिन रक्तात जास्त काळ टिकतं आणि त्याचं प्रमाण दुपटी-तिपटीने वाढतं. वाहकच वाढले, की त्यांना चिकटलेलं थायरॉक्सिनही वाढतं, पण पेशींना वापरता येणारा मोकळा भाग फारसा बदलत नाही. हे कळेपर्यंत कितीतरी निरोगी बायकांच्या अहवालावर थायरॉईड वाढल्याचा शेरा पडला असणार.

मॅन इथेच थांबली नाही. ज्या आयांचं हे आयोडीन गरोदरपणात कमी पडलं, त्यांची मुलं पुढे कशी वाढतात, याचा तिने माग ठेवला. 1969 मध्ये तिने आणि जोन्स या सहकाऱ्याने लिहिलं, की अशा आयांची बाळं आठ महिन्यांची झाल्यावर विकासाच्या चाचण्यांत मागे दिसतात. तेव्हा बहुतेकांची समजूत होती, की आईचं थायरॉक्सिन वार ओलांडून बाळापर्यंत जातच नाही. त्यामुळे मॅनचं म्हणणं कोणी फारसं मनावर घेतलं नाही, आणि मला ही या इतिहासातली सगळ्यात महागडी हलगर्जी वाटते.

मोलर प्रेग्नन्सीच्या कोड्याकडे पुन्हा वळण्याआधी कर्करोगाच्या दालनात डोकावायला हवं. वारेच्या पेशींचा एक घातक कर्करोग असतो, कोरिओकार्सिनोमा. 1956 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट या औषधाने तो बरा करून दाखवला. पसरलेला घन कर्करोग औषधाने बरा होण्याचा हा पहिलाच दाखला. गाठ दिसेनाशी झाली तरी लघवीतलं एचसीजी पूर्ण नाहीसं होईपर्यंत औषध चालू ठेवायचं, असा लीचा हट्ट होता. तो वरिष्ठांना पटला नाही आणि त्याला ती संस्था सोडावी लागली. पुढे त्याचंच म्हणणं खरं ठरलं. 1972 मध्ये त्याला आणि हर्ट्झला लास्कर पुरस्कार मिळाला. याच रुग्ण बायकांमध्ये 1963 मध्ये ओडेल, हर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना थायरॉईडचं काम वाढलेलं आढळलं. एकीकडे फुगलेली वार, दुसरीकडे वारेचा कर्करोग. दोन्हींत एचसीजी प्रचंड आणि दोन्हींत थायरॉईड उद्दीपित.

आज हे दोन आणि दोन चार इतकं उघड वाटतं. पण त्या वेळी जेरोम हर्शमन या अमेरिकी थायरॉईडतज्ज्ञाने वेगळा मार्ग धरला, आणि त्याला कारण होतं. 1969 मध्ये त्याने स्टार्न्झसोबत वारेतून थायरॉईडला चालना देणारा एक पदार्थ काढला होता. पीयूषिकेतून येणाऱ्या टीएसएचसारखंच वारेचं स्वतःचं एक स्वतंत्र थायरॉईड-प्रेरक संप्रेरक आहे, असं त्याचं मत झालं. त्याला नावही देण्यात आलं. 1971 मध्ये हर्शमन आणि हिगिन्स यांनी मोलर प्रेग्नन्सीत थायरॉईडचा आजार होतो हे वैद्यकीय जगापुढे ठामपणे मांडलं आणि त्याचं खापर मोलर ऊतीतून येणाऱ्या एका थायरॉईड-प्रेरक पदार्थावर फोडलं.

नेमक्या याच काळात रसायनशास्त्रज्ञांच्या हाती वेगळंच काही लागलं. कॅलिफोर्नियात जॉन पिअर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की टीएसएच आणि बीजकोषाला चालना देणारं एलएच ही दोन्ही संप्रेरकं दोन साखळ्यांची बनलेली आहेत आणि त्यांतली एक, अल्फा साखळी, दोघांतही एकच आहे. एचसीजीतही तीच 92 अमिनो आम्लांची अल्फा साखळी निघाली. फरक फक्त बीटा साखळीत. या सारखेपणामुळे जुन्या चाचण्यांना एचसीजी आणि एलएच यांतला भेद कळत नसे. 1972 मध्ये ज्युडिथ वायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी फक्त बीटा साखळी ओळखणारी किरणोत्सारी चाचणी तयार केली आणि एचसीजी पहिल्यांदा नेमकं मोजता आलं. आधी न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी शोधलेली पद्धत हाताशी होती, म्हणूनच हे शक्य झालं.

1974 मध्ये निसुला आणि कॅनफिल्ड यांच्या गटाने शुद्ध केलेलं एचसीजी घेऊन दाखवलं, की त्याच्या अंगातच थायरॉईडला चालना देण्याची ताकद आहे. ती टीएसएचच्या ताकदीच्या कैक पट कमी आहे, पण गरोदरपणात एचसीजीचं प्रमाणच इतकं मोठं असतं, आणि मोलर प्रेग्नन्सीत त्याहूनही कितीतरी मोठं, की तेवढी ताकद पुरते. मग 1975 मध्ये केनिमर, हर्शमन आणि हिगिन्स यांचा लेख आला. मोलर ऊतीतला थायरॉईड-प्रेरक पदार्थ म्हणजे एचसीजीच, असं त्याच्या शीर्षकातच स्वच्छ म्हटलं होतं. ज्याने वारेच्या वेगळ्या संप्रेरकाची कल्पना लावून धरली, त्यानेच प्रयोग करून ती मोडीत काढली. एखाद्याने सहा वर्षं जपलेली कल्पना आपल्याच नावाखाली मागे घ्यावी, हे विज्ञानात म्हणतात तितकं सर्रास घडत नाही. मला हर्शमनविषयी आदर वाटतो तो यासाठी.

आजाराचं कोडं असं सुटलं. निरोगी गरोदरपणाचं काय? बीजकोषासाठी पाठवलेला वारेचा निरोप थायरॉईडही ऐकते, तर तो प्रत्येक गरोदरपणात ऐकला जातो का?

याचं सविस्तर उत्तर 1990 मध्ये ब्रुसेल्सहून आलं. बेल्जियममध्ये आहारात आयोडीन जेमतेम पुरेल इतकंच होतं. तिथे डॅनियल ग्लिनोअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 606 निरोगी गरोदरपणांचा पाठपुरावा केला. आठवड्यानुसार आकडे मांडल्यावर दोन रेषा समोरासमोर उभ्या राहिल्या. साधारण नवव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी शिखरावर पोहोचतं आणि नेमकं तेव्हाच टीएसएच तळाला जातं. पुढे एचसीजी उतरलं, की टीएसएच पुन्हा वर येतं. थायरॉईडला चालना वारेकडून मिळत असते, म्हणून पीयूषिका तेवढ्यापुरती आपला हात आखडता घेते. शिवाय वाहक प्रथिन वाढल्यामुळे ग्रंथीला जास्त थायरॉक्सिन बनवावं लागतं, मूत्रपिंडातून आयोडीन जास्त वाहून जातं आणि आयोडीन कमी पडलं, की ग्रंथी फुगते. रोमन दाईच्या दोऱ्याचं स्पष्टीकरण या आकड्यांत होतं. आयोडीन भरपूर मिळणाऱ्या प्रदेशांत गरोदरपणात मान फारशी जाडावत नाही, याचंही.

पण एचसीजीने पहिल्या तीन महिन्यांतच थायरॉईडला का चाळवावं? बाळाची थायरॉईड दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन गोळा करायला लागते आणि अठराव्या-विसाव्या आठवड्यानंतर कुठे तिचं काम नीट सुरू होतं. तोवर मेंदूच्या जडणघडणीला लागणारं थायरॉक्सिन फक्त आईकडूनच येऊ शकतं. हे थायरॉक्सिन खरंच पोहोचतं याचा पुरावा 1989 मध्ये नेदरलँड्समध्ये मिळाला. फुल्स्मा आणि सहकाऱ्यांनी जन्मतः थायरॉक्सिन बनवूच न शकणाऱ्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. त्यात थायरॉक्सिन होतं, आणि ते आईखेरीज दुसऱ्या कोणाचं असणं शक्य नव्हतं. माद्रिदमध्ये गॅब्रिएला मोरेआले दे एस्कोबार उंदरांवरच्या प्रयोगांतून हेच सांगत आल्या होत्या.

याहूनही आधी, 1966 मध्ये, पापुआ न्यू गिनीच्या जिमी खोऱ्यात फॅरो, बटफील्ड आणि हेट्झेल यांनी एक साधा, धाडसी प्रयोग सुरू केला होता. त्या डोंगराळ भागात गलगंड घरोघरी होता आणि ऐकू-बोलू न येणारी, चालायला अडखळणारी मुलं जन्माला येत. गावातल्या निम्म्या कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना मिठाच्या पाण्याचं. 1971 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तेल मिळालेल्या गटात अशी सात मुलं जन्मली आणि त्यांतल्या सहा मुलांच्या आयांना इंजेक्शनच्या आधीच दिवस गेलेले होते. दुसऱ्या गटात अशी मुलं कितीतरी जास्त होती. म्हणजे आयोडीन हवं ते दिवस राहण्याआधी. नंतर दिलं तर उशीर झालेला असतो. आपल्याकडे व्ही. रामलिंगस्वामी यांनी 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड आटोक्यात येतो हे दाखवलं होतं. 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हे काम होतं. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या पुडीवर आयोडीनयुक्त असं छापलेलं असतं, ते त्यामुळेच.

वारेचा निरोप थायरॉईडला किती ऐकू यावा, हे ग्रंथीवरच्या एका ग्राहक रेणूवर ठरतं. 1998 मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या पॅट्रिस रोदिएन आणि सहकाऱ्यांनी एका आईचा आणि मुलीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोघींनाही गरोदरपणात न थांबणाऱ्या उलट्या व्हायच्या आणि थायरॉईड वाढायची, एरवी काहीच नाही. दोघींच्या ग्राहक रेणूत 183 व्या जागी एकाच अमिनो आम्लाचा बदल निघाला. त्या बदलामुळे तो रेणू एचसीजीला गरजेपेक्षा फार जास्त प्रतिसाद देत होता. गरोदरपणातल्या भयंकर उलट्यांचं मूळ तरी थायरॉईडमध्येच आहे का, असा तर्क तेव्हा पुष्कळांनी केला. 2023 मध्ये मात्र मार्लेना फेजो आणि केंब्रिजच्या स्टीफन ओ'रहिली यांच्या गटांनी दाखवलं, की त्या उलट्यांमागे मुख्यतः जीडीएफ15 हे वेगळंच संप्रेरक आहे. ते बाळाच्या आणि वारेच्या बाजूने येतं. थायरॉईडचे आकडे वाढतात ते एचसीजीमुळे.

आईच्या थायरॉक्सिनचा आणि मुलाच्या बुद्धीचा प्रश्न 1999 मध्ये पुन्हा ऐरणीवर आला. अमेरिकेत मेन राज्यातल्या जेम्स हॅडो यांनी 25,216 गरोदर बायकांच्या साठवलेल्या रक्तातून टीएसएच जास्त, म्हणजेच थायरॉईड मंद असलेल्या 62 जणी निवडल्या आणि त्यांच्या शाळकरी मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली. ज्या आयांवर उपचार झाले नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. एव्हलिन मॅनने तीस वर्षांपूर्वी बोट ठेवलं होतं ते इथेच. त्यानंतर सगळ्याच गरोदर बायकांची थायरॉईड तपासावी अशी मागणी जोर धरू लागली. पण 2012 मध्ये ब्रिटन आणि इटलीतल्या जवळजवळ 22,000 बायकांवरच्या चाचणीत, तपासून थायरॉक्सिन दिलेल्यांच्या मुलांना तीन वर्षांच्या वयापर्यंत काही फायदा दिसला नाही. उपचार सरासरी तेराव्या आठवड्यानंतर सुरू झाले होते. तोवर पहिले तीन महिने संपत आलेले होते, त्यामुळे हा निकाल मला अखेरचा वाटत नाही.

ज्यांची थायरॉईड आधीपासूनच मंद आहे आणि ज्या रोज गोळी घेतात, त्यांच्याबाबत मात्र शंका उरलेली नाही. 2004 मध्ये बॉस्टनच्या एरिक अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्यांना गरोदरपणात सरासरी 47 टक्के जास्त थायरॉक्सिन लागतं आणि ही गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढू लागते. पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो आणि पुष्कळजणींची डॉक्टरांशी पहिली भेटही झालेली नसते. म्हणून आता दिवस गेल्याचं कळताच आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्यायचा सल्ला आधीच देऊन ठेवतात.

राहिला निरोगी बाईचा आकडा. 2011 मध्ये एका अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच 2.5 च्या आत असावं असं ठरवलं आणि तोच आकडा आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या कागदांवरही छापला जाऊ लागला. दिल्लीत आर. के. मारवाह आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच निरोगी भारतीय गरोदर बायका मोजल्या होत्या. त्यांच्या पहिल्या तिमाहीत वरची मर्यादा 5 च्या आसपास भरली होती. 2017 मध्ये त्याच अमेरिकी संस्थेने आपली सूचना बदलली: प्रत्येक प्रदेशाने आपल्या निरोगी गरोदर बायकांवरून आकडा ठरवावा आणि तो नसेल तर 4 च्या आसपासची मर्यादा धरावी. मधल्या सहा वर्षांत 2.5 आणि 4 यांच्या मधे टीएसएच असलेल्या असंख्य बायकांना, ज्यांच्या ग्रंथी वारेचं म्हणणं नेहमीसारखंच ऐकत होत्या, थायरॉईडच्या रुग्ण ठरवून गोळ्या सुरू झाल्या.